शिट्टी व्हायच्या आधी सांग

अगं, सेंटरची फी भरलीस, पावती पर्समध्ये घातलीस, आणि आता तुला वाटतंय की पुढचं काम त्यांचं. तसं नसतं बाई. आठवड्यातून दोनतीनदा पाऊण-पाऊण तास तुझा मुलगा त्या खोलीत असणार. बाकी सगळा वेळ तो तुझ्याकडे: मोरीत, लिफ्टमध्ये, रिक्षात, ताटावर. स्वमग्न मुलांचं पुनर्वसन म्हणतात ना, ते बहुतेक तिथंच घडतं किंवा तिथंच अडतं. सेंटरमध्ये जा, जरूर जा. पण बाहेरच्या बाकावर मोबाइल बघत बसू नकोस. आत बसू देत असतील तर बस, तिथल्या ताई काय करतात ते बघ, आणि निघताना दर वेळी विचार, "यातलं घरी काय करू?" ज्या सेंटरला हा प्रश्न आवडत नाही ते सेंटर बदल. इतकी वर्षं विशेष शाळेत काढून मी हे सांगतेय, तेव्हा मावशी आहे म्हणून सोडून देऊ नकोस.

दोषाचं आधी मिटवून टाकू. तुझ्या सासूबाई म्हणतील, दिवस असताना ग्रहण पाळलं नाहीस. कुणी म्हणेल, नोकरीपायी पोराच्या हातात मोबाइल दिलास. मान हलव आणि सोड. एके काळी अमेरिकेतले नामांकित डॉक्टरसुद्धा आईची माया कमी पडली म्हणून मूल असं झालं असं सांगत, आणि कितीतरी बायांनी ते खरं मानून जन्म काढला. साफ चूक होतं ते. मेंदूची ही घडण जन्माआधीच सुरू होते आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. मोबाइल कमी करायचा तो वेगळ्या कारणानं: तो हातात असला की मूल आपल्याकडे कशाला येईल! आणि धाकटीच्या लसीचं विचारलंस ना? टोच. लसीमुळे स्वमग्नता येते असं सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्डचा लेख १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. २०१० मध्ये 'लॅन्सेट'नंच तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डची डॉक्टरकीची नोंदणीही रद्द झाली. व्हॉट्सॲपवर मात्र तो अजून फिरतोय.

कानाची बेरा तपासणी झाली का? नसेल तर याच आठवड्यात कर. हाक मारली की वळत नाही, याचं कारण आधी कानात शोधायचं. वांद्र्याला अली यावर जंग संस्थेत होते.

आता घरातलं बोलू. आपल्याला कुकरची शिट्टी म्हणजे भात झाला. त्याला ती अंगावर येते. यातल्या बऱ्याच मुलांना आवाज, उजेड, स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लागतो. काहींना उलट इतका कमी लागतो की चटका बसला तरी हात मागे घेत नाहीत. एकाच मुलात दोन्ही असू शकतं. तुझा शिट्टीला कान झाकतो, पण भिंतीवर धाडकन अंग टाकतो, ते यातलंच. तेव्हा गॅस लावलास की त्याला सांग, "आता शिट्टी होणार. तीन होणार." तीन बोटं दाखव. झाली एक, एक बोट मिट. पहिल्या दिवशी तो पळेलच. पळू दे, गॅलरीतून त्याला तुझी बोटं दिसली तरी चालेल. आवाजापेक्षा आवाज कधी येईल याची धास्ती मोठी असते, आणि ती तू कमी करू शकतेस.

मिक्सरचंही तसंच. आमच्या वर्गात एक मुलगा होता, मिक्सर दिसला की किंचाळायचा, चालू नसला तरी. त्याच्या आईला सांगितलं, बटण त्याच्या हातात द्या. पहिले काही दिवस भांडं रिकामं, टक् करून लगेच बंद. मग चमचाभर शेंगदाणे. मग तो स्वतःच "कूट, कूट" करत ओट्याशी यायला लागला. हातात बटण असलं की आवाज आपला होतो. ढोल-ताशाचं बटण आपल्या हातात नसतं, म्हणून विसर्जनाच्या मिरवणुकीला त्याला नेऊन 'सवय लावायची' असलं काही करू नकोस. मंडळाचा गणपती बघायचाय ना, पहाटे जा, गर्दी नसते. आरतीला झांजा आत आणि तो बाहेरच्या खोलीत कानावर हेडफोन लावून, असं झालं म्हणून बाप्पा रागावत नाही. पाहुणे रागावतील. ते आपण बघून घेऊ.

अंग आपटायची मुलं असतात ना, त्यांना शरीराला भार हवा असतो. अर्धी बादली पाणी मोरीतून गॅलरीपर्यंत न्यायला लाव, गादी ढकलायला लाव, कणीक तिंबायला दे. ऑक्युपेशनल थेरपीच्या ताई तेच महागड्या बॉलवर करून घेतात, त्यांना वाईट वाटू नये म्हणून हळू सांगते. कणकेचा आधी गोळाच दे. कोरडं पीठ आणि पाणी दोन्ही एकदम हाताला लागलं तर कदाचित तो ओरडेल. आणि हात फडफडवतो ते फडफडू दे. त्यानं तो स्वतःला सावरतो. कुणाला लागत नसेल, त्याला इजा होत नसेल, तर त्यात मोडायचं काय आहे? "माझ्याकडे बघ, डोळ्यांत बघ" म्हणून हनुवटी वर करणाऱ्या ताई मी पुष्कळ पाहिल्या. बघायला लावलं की ऐकणं बंद होतं, असं मोठी झालेली स्वमग्न माणसं स्वतः सांगतात. त्यांचं ऐकावं.

दिवसाची चित्रं लाव. आपण बोललेलं हवेत जातं, चित्र भिंतीवर राहतं. पण बाजारातली छापील पट्टी घेऊ नकोस; तिच्यात गोऱ्या मुलाचा बाथटब असतो आणि तुझ्याकडे निळी बादली आणि तांब्या आहे. तुझ्याच मोबाइलवर फोटो काढ: त्याचा ब्रश, ती बादली, त्याचा टॉवेल, त्याचं ताट. लॅमिनेट कर, मागे वेल्क्रो लाव, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटव. एक काम झालं की तो फोटो काढून खालच्या डब्यात टाकायचा, त्यानंच टाकायचा. एवढंही जड गेलं तर दोनच फोटो: आधी हे, मग ते. आधी दात, मग झोका. आणि 'मग' दाखवलंस ते द्यायचंच, पाऊस आला तर छत्री घेऊन. एकदा फसवलंस की तो त्या पट्टीकडे बघणार नाही.

शिकवायचं शेवटाकडून. शर्टाचं उदाहरण घे. पाचपैकी चार बटणं तू लाव, शेवटचं काजात अर्धं घालून ठेव आणि त्याला फक्त बाहेर ओढू दे. ओढलं की शर्ट झाला! टाळी त्याची. ते जमलं की शेवटचं पूर्ण बटण त्याचं, मग शेवटची दोन. पहिल्या बटणापासून सुरुवात केली तर तो दुसऱ्याला कंटाळतो, आपण घाईनं उरलेली लावतो आणि त्याच्या लक्षात राहतं ते एवढंच की हे काम आईचं. हाताला धरून करवून घेताना हात मागून धर, समोरून नको. आणि ढील देत जा, मनगट, मग कोपर, मग नुसतं खांद्याला बोट. ही ढील द्यायला लोक विसरतात. मग मूल वीस वर्षांचं होतं तरी कोपराला आईचा हात लागल्याशिवाय घास उचलत नाही.

बोलण्याचं. तुला कुणीतरी सांगितलंय की घरात एकच भाषा ठेवा आणि ती इंग्रजी ठेवा, शाळेत बरं पडेल. आजी मराठीत बोलणार, बाबा मराठीत चिडणार, आणि मूल मात्र कार्डावर 'ॲपल' शिकणार! दोन भाषांनी स्वमग्न मुलाचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. ज्या भाषेत तू न अडखळता लाड करतेस, त्या भाषेत बोल. फक्त वाक्य छोटं कर. "अरे राजा, आता आपल्याला किनई बाहेर जायचंय तर तू पटकन चप्पल घालतोस का" यातलं त्याला काहीच पकडता येत नाही. "चप्पल घाल." थांब. मनात दहा मोज. त्याला ऐकून, लावून, उठायला वेळ लागतो, आणि आपण त्या वेळात आणखी चार वाक्यं ओततो.

तो तहान लागली की तुझ्याकडे येऊन "तुला पाणी हवंय?" म्हणतो, हे तू हसत सांगितलंस. हसण्यासारखं आहेच, पण बघ ना, किती हुशारीचं आहे. पाणी मिळतं तेव्हा कानावर हेच वाक्य पडतं, म्हणून पाणी हवं तर हेच वाक्य. ते चुकीचं म्हणून झिडकारू नकोस. त्याच्या तोंडचं वाक्य त्याच्या बाजूनं म्हण, "मला पाणी हवंय," आणि लगेच पेला दे. जाहिराती घोकतो त्यातही कान दे; कोणती जाहिरात कधी म्हणतो ते बघ. आमच्याकडची एक मुलगी भीती वाटली की रेल्वेची घोषणा म्हणायची, अगदी 'कृपया ध्यान दें'पासून. आम्हाला कळायचं, वर्गात काहीतरी बिनसलंय.

आणि बोलणं आलंच नाही तर? येईपर्यंत वाट बघू नकोस. फोटो दाखवून मागू दे, बोटानं दाखवू दे. आयआयटी मुंबईत केलेलं 'जेलो' नावाचं ॲप आहे, चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं, मराठीतही. चित्रांची सवय लागली तर तोंडानं बोलणार नाही, अशी भीती सगळ्या आयांना असते. तसं होत नाही. मागता येतं हे कळलं की ओरडणं कमी होतं आणि कित्येकदा शब्दही त्यामागून येतात.

ओरडण्याचंच सांगते. बाजारात तो रस्त्यावर लोळण घेईल, चार बाया थांबतील, एक म्हणेल, दोन फटके द्या. तू त्या बाईकडे बघू नकोस. त्याला आडोशाला ने, बोलू नकोस, समजावू नकोस, वादळ ओसरू दे. त्या वेळी त्याच्या डोक्यात शब्द शिरत नाहीत. घरी आलीस की लिही: आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं. तीन रकाने. महिनाभर लिहिलंस की तुला दिसेल, दर वेळी तीच ट्यूबलाइट, तीच भुकेची वेळ, तोच बदललेला रस्ता. चॉकलेट मिळावं म्हणून घेतलेली लोळण आणि सहन होईना म्हणून घेतलेली लोळण बाहेरून सारखी दिसते. रकाने भरल्याशिवाय कळत नाही. आणि वागणं एकाएकी बदललं तर आधी शरीर तपास. एक मुलगा अचानक स्वतःच्या गालावर मारायला लागला. वागणूक सुधारण्याची मोठी योजना आखली जात होती. दाढ किडलेली निघाली. दात, कान, बद्धकोष्ठ, झोप हे आधी. या मुलांत फिट येण्याचं प्रमाणही इतरांपेक्षा जास्त असतं, वयात येतानाही फिट सुरू होऊ शकतात. टक लावून गप्प झाला, हाकेला आला नाही, तर 'तंद्री' म्हणून सोडू नकोस. मोबाइलवर चित्रण कर आणि डॉक्टरांना दाखव.

त्याला पंख्याचं वेड आहे, म्हणून तू पंखा बंद ठेवतेस. नको करूस तसं. एक गोष्ट ऐक, खरी आहे. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अकरा स्वमग्न मुलांवर लेख लिहिला, त्यातला पहिलाच मुलगा मिसिसिपीतल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा, डोनाल्ड ट्रिपलेट. मोजण्याचं त्याला भारी वेड. त्याला काही वर्षं शेतावरच्या एका जोडप्याकडे ठेवलं होतं. ती माणसं साधी, शिकलेली नव्हती फार. त्यांनी मोजणं बंद नाही केलं. त्याला विहीर खणायला लावली आणि खोली मोजून सांग म्हटलं. मक्याच्या ओळी मोजत बसायचा, तर नांगर हातात देऊन म्हणाले, नांगरता नांगरता मोज. कॅनर पुढे स्वतः ते बघायला गेले आणि थक्क झाले. हा डोनाल्ड कॉलेजात गेला, गावच्याच बँकेत नोकरी केली, गाडी चालवायचा, गोल्फ खेळायचा, एकटा जगभर फिरला आणि २०२३ मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. घरचे पैसेवाले होते, बँकेत त्यांचा हिस्सा होता, हेही सांगायला हवं. पण गावानं त्याला 'आपला डोनाल्ड' म्हणून सांभाळलं, ते पैशानं नाही होत. आपल्याकडे माझ्या एका विद्यार्थ्याला लोकलच्या इंडिकेटरचं वेड होतं. आम्ही त्याला आकडे, घड्याळ, वाचन, सगळं इंडिकेटरवर शिकवलं. '१५ डबा, जलद' हे त्यानं वाचलेलं पहिलं वाक्य. तेव्हा पंखा चालू कर. वेग एक, दोन, तीन, हळू, जोरात, चालू, बंद. वर्षभराचा अभ्यास त्या रेग्युलेटरवर आहे.

भोंदूंचं थोडक्यात. जो 'पूर्ण बरा करतो' म्हणेल त्याच्या पायरीवरून परत फिर. मूळपेशींची इंजेक्शनं लाखो रुपये घेऊन देतात. स्वमग्नतेवर ती उपचार म्हणून देऊ नयेत, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळानं २०२२ मध्ये सांगितलंय. रक्तातले धातू काढायची औषधं तर जिवावर बेततात. गहू-दूध बंद करण्याचाही ठोस उपयोग दिसलेला नाही, आणि तुझा आधीच दहीभाताशिवाय काही खात नाही, त्याचं दहीही काढून घेऊ नकोस. डॉक्टरांनी फार चिडचिडीवर किंवा झोपेवर औषध दिलं तर ते वेगळं. पण स्वमग्नतेचं म्हणून औषध नाही. विशेष शिक्षक आणि स्पीच थेरपिस्ट यांची भारतीय पुनर्वसन परिषदेत नोंदणी असते. क्रमांक विचारायला लाजू नकोस, भाजी घेताना तू देठ मोडून बघतेसच की.

तो दार उघडून निघून जायला शिकेल. वरची कडी लाव, वॉचमनला फोटो दे, गळ्यात नाहीतर शर्टाला तुझा नंबर. हरवलाच, तर आधी पाण्याकडे धाव: टाकी, विहीर, तलाव, पोहण्याचा तलाव. या मुलांना पाण्याची ओढ फार आणि बुडण्याचा धोका मोठा. पोहायला लवकर घाल.

आज चार वर्षांचा आहे, येईल त्या पाहुण्याच्या मांडीत बसतो, सगळ्यांना गोड वाटतं. चौदाव्या वर्षी तेच केलं तर लोक पोलिसांना बोलावतील. जे तेव्हा चालणार नाही ते आजही शिकवू नकोस. भेटलं की हात जोडायचे किंवा टाळी द्यायची. कपडे मोरीतच काढायचे, दार लावून. अंगाला कुणी हात लावायचा, कुणी नाही, हे फोटोंनी दाखव. या मुलांना कुणी त्रास दिला तर सांगता येत नाही, म्हणून 'नको' म्हणायला आधी शिकव, आणि घरात त्याचं 'नको' मान. पावभाजी नको म्हणाला तर नको.

कागदपत्रं कंटाळवाणी आहेत, पण काढ. आपल्याकडे स्वमग्नतेचं मोजमाप 'इसा' नावाच्या चाळीस प्रश्नांच्या मापनावर करतात. सत्तर गुणांपासून पुढे प्रमाणपत्र मिळतं. त्यावर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, त्यामुळे अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दहावी-बारावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना एक लाखापर्यंतची आहे आणि तिच्यात थेरपीचाही खर्च धरतात. तुझ्या नवऱ्याला सांग, जुन्या करपद्धतीत अशा मुलाच्या पालकाला ७५ हजारांची वजावट मिळते, अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाखाची. हे काम त्याच्याकडे दे. बाप लोकांना हातात काहीतरी ठोस लागतं. नाहीतर ते ऑफिसात उशिरापर्यंत बसायला लागतात, मी पाहिलंय.

अठरा पूर्ण झाले की कायद्यानं तो सज्ञान, मग बँकेपासून ऑपरेशनच्या सहीपर्यंत प्रश्न येतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमून देते. सगळ्यांनाच लागतो असं नाही; स्वतःचे निर्णय घेता येणाऱ्या मुलावर पालक लादू नये. ते तेव्हा बघू. पण आत्तापासून एक पाळ. येता-जाता धाकटीला "तूच आहेस गं दादाला" म्हणायची सवय लावून घेऊ नकोस. आठवड्यातला एक तास फक्त तिचा ठेव, दादाशिवाय, तिला हवं तिथं. आणि पालक म्हणून कधी कुणाचं नाव लिहायची वेळ आली, तर तिला विचारल्याशिवाय तिचं लिहू नकोस.